पहिल्या कुदळीपूर्वी : रस्ताबांधणीच्या पूर्वतयारीत सहकार्य आणि जोखीम

प्रास्ताविक

रस्ता म्हटला की खडी, डांबर आणि रोलर ह्यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. एखादा नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला म्हणजे लोक डांबराला आणि ठेकेदाराला दोष देतात. तो दोष कित्येकदा खराही असतो. परंतु अशा रस्त्याची नीट तपासणी केली असता पुष्कळदा असे आढळते की, चुकीचे मूळ बांधकामात नसून बांधकामापूर्वीच्या काळात आहे. भरावाखालची माती तपासलेली नव्हती. ओढ्याला पूर किती येतो हे कोणी विचारले नव्हते. ज्याच्या शेतातून रस्ता जावयाचा त्याची संमती घेतलेली नव्हती, म्हणून ऐन वेळी वळण बदलावे लागले. ह्या गोष्टी कागदावर असताना सुधारता येतात. भराव पडल्यावर त्या सुधारणे फार खर्चाचे होते आणि कधी कधी अशक्यच होते.

रस्त्याच्या कामाची पहिली कुदळ पडण्यापूर्वी कोणती चौकशी करावी, ती कोणाच्या साहाय्याने करावी, आणि उरलेली अनिश्चितता कोणी व कशी सोसावी, ह्यांचा विचार ह्या पुस्तिकेत केला आहे. त्यातील मुख्य सूत्र प्रथमच सांगणे बरे. लोकांचे सहकार्य ही निव्वळ सौजन्याची बाब नव्हे. जोखीम वेळेवर ओळखण्याचे ते एक साधन आहे. आणि जी जोखीम वेळेवर ओळखली जात नाही, तिचा भार बहुधा ज्याला विचारलेच नव्हते त्याच्यावर पडतो.

थोडा पूर्वेतिहास

भारतात रस्त्यांचा देशव्यापी विचार पद्धतशीरपणे सुरू झाला तो १९२७ मध्ये. त्या वर्षी मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था अस्तित्वात आली. १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तेथे जी योजना आखली गेली ती ‘नागपूर योजना’ ह्या नावाने ओळखली जाते. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर राहू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. पुढे १९५२ मध्ये दिल्ली येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले आणि माती, खडी व डांबर ह्यांचा शास्त्रीय अभ्यास देशातच होऊ लागला.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांना तो मिळवून देणे हा तिचा हेतू होता. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत २५० किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या प्रथम घेण्यात आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये ह्या योजनेचा चौथा टप्पा संमत झाला असून त्यात ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधावयाचे आहेत. म्हणजे देशातील हजारो गावांत येत्या काळातही आखणी, मोजणी आणि संमती हे प्रश्न उभे राहणार आहेत. ग्रामीण रस्ता लहान असतो. परंतु पूर्वतयारीची सर्व तत्त्वे त्यात स्पष्ट दिसतात. म्हणून येथील विवेचनासाठी मुख्यतः त्याचेच उदाहरण घेतले आहे.

जोखीम म्हणजे काय?

व्यवहारात ‘जोखीम’ हा शब्द भीती किंवा धोका ह्या अर्थाने वापरला जातो. शास्त्रात त्याला अधिक नेमका अर्थ आहे. एखादी अनिष्ट गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि ती घडल्यास नुकसान किती, ह्या दोहोंचा एकत्र विचार म्हणजे जोखीम होय. वारंवार घडणारी क्षुल्लक गोष्ट आणि क्वचित घडणारी भयंकर गोष्ट ह्या दोन्हींची जोखीम सारखी असू शकते.

रस्त्याच्या कामात जोखमीचे चार मुख्य प्रकार संभवतात. पहिला प्रकार भूमीचा : खालची माती किंवा खडक अपेक्षेप्रमाणे नसणे. दुसरा पाण्याचा : पूर, झिरपा आणि निचरा. तिसरा जमिनीच्या हक्काचा : मालकी, हद्दी, अतिक्रमणे आणि भरपाई. चौथा काळाचा व व्यवस्थेचा : विजेचे खांब, नळ, झाडे, वनखात्याची परवानगी, आणि ह्या सर्वांत निघून जाणारा हंगाम. ह्यांपैकी पहिल्या दोहोंना ‘तांत्रिक’ आणि पुढच्या दोहोंना ‘सामाजिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले असतात. ओढ्याच्या काठचा शेतकरी रस्त्याला विरोध करतो तेव्हा तो पुष्कळदा हट्ट नसतो. पुराविषयीची ती एक माहितीच असते. ती तक्रारीच्या रूपाने आलेली असते, एवढेच.

शिवारफेरी

ग्रामसडक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका साध्या पण मोलाच्या पद्धतीला स्थान दिलेले आहे. रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होत असताना अभियंत्याने गावकऱ्यांसह नियोजित मार्गावरून पायी चालत जावयाचे असते. तिला ‘ट्रान्सेक्ट वॉक’ असे नाव आहे. मराठीत तिला शिवारफेरी म्हणता येईल. तीत अभियंत्याबरोबर पंचायतीचे प्रतिनिधी, महसूल खात्याचे आणि आवश्यक तेथे वनखात्याचे स्थानिक कर्मचारी असावेत, तसेच पंचायतीतील स्त्री-सदस्य आणि बचत गटांच्या स्त्रिया ह्यांचाही सहभाग असावा, अशी अपेक्षा आहे. फेरीत निघालेल्या प्रश्नांची व त्यांवरील निर्णयांची नोंद पंचायतीच्या सचिवाने करावयाची असते.

ह्या फेरीचा उपयोग काय, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गावापासून मुख्य सडकेपर्यंत ४ किलोमीटरची जुनी गाडीवाट आहे आणि तिचा पक्का रस्ता करावयाचा आहे. अभियंता नकाशावर सर्वांत जवळची रेषा आखतो. फेरीत पुढील गोष्टी कळतात. पहिल्या किलोमीटरमध्ये गावच्या नकाशातील पाणंद चांगली रुंद आहे, पण दोन्ही बाजूंचे बांध पुढे सरकत आल्यामुळे प्रत्यक्षात एक बैलगाडी जेमतेम जाते. दुसऱ्या किलोमीटरमध्ये एक ओढा आहे. तो उन्हाळ्यात कोरडा दिसतो, परंतु पाण्याला जाणाऱ्या स्त्रिया सांगतात की, श्रावणात त्यापलीकडची विहीर आठ-आठ दिवस तुटते. तिसऱ्या किलोमीटरमध्ये काळ्या मातीचा सखल पट्टा आहे व तेथे गाड्या रुततात. शेवटच्या टप्प्यात मोजणीच्या कागदांवर एक शेत पुरुषाच्या नावे आहे, पण तो कामासाठी परगावी असतो आणि शेत त्याची पत्नी कसते.

ह्यांतील एकही गोष्ट नकाशावरून कळली नसती. चार किलोमीटर चालण्यास एक सकाळ लागते. ती सकाळ वाचविण्याचा मोह झाला, तर पुढे एक संपूर्ण हंगाम खर्ची पडू शकतो.

तथापि लोकांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी स्वीकारावी, असा ह्याचा अर्थ नव्हे. माणसाची स्मृती हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. पुराची उंची एकाने दाखविली तर ती दुसऱ्या दोघांना स्वतंत्रपणे विचारावी. झाडाच्या खोडावरील गाळाची रेषा, देवळाची पायरी, जुन्या पुलाचा कठडा ह्यांच्याशी ती ताडून पाहावी. असे केले म्हणजे ऐकीव माहितीचे रूपांतर मोजलेल्या माहितीत होते.

भूमीची परीक्षा

दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकाच्या झिजेपासून तयार झालेली काळी माती सर्वत्र आढळते. महाराष्ट्राखेरीज मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा इत्यादी राज्यांतही तिचे मोठे पट्टे आहेत. कापसाला ही माती वरदान आहे. रस्त्याला मात्र ती शत्रूसारखी वागते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाचे प्रमाण पुष्कळ असते. ह्या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात. पावसाळ्यात त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते व माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी उडून जाते व जमिनीला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. ह्या फुगण्या-आकसण्याने वरचा रस्ता वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खचतो. वरचा थर कितीही उत्तम असला तरी त्याला हे फार काळ सोसत नाही.

मातीची भारक्षमता ठरविण्यासाठी जी चाचणी सर्वत्र रूढ आहे तिला सी. बी. आर. चाचणी म्हणतात. कॅलिफोर्नियात ती प्रथम विकसित झाली, आणि तिच्या नावातील पहिले अक्षर त्या प्रांताचे आहे. ठरावीक घनतेपर्यंत दाबलेला मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी दट्ट्या दर मिनिटास १.२५ मिलिमीटर ह्या वेगाने त्यात दाबतात. उत्तम खडीच्या थरात तो दट्ट्या २.५ मिलिमीटर शिरण्यास १३७० किलोग्रॅम भार लागतो, असे प्रमाण मानलेले आहे. एखाद्या काळ्या मातीच्या नमुन्यात तेवढ्याच खोलीसाठी केवळ ४१ किलोग्रॅम भार पुरला, तर तिचा सी. बी. आर. शेकडा ३ झाला. मुरमाड मातीला ११० किलोग्रॅम लागले, तर तिचा शेकडा ८ झाला. हा आकडा जितका लहान, तितकी वरच्या खडीच्या थरांची जाडी अधिक ठेवावी लागते.

येथे चार दिवस भिजविण्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. उन्हाळ्यात कोरडी काळी माती दगडासारखी टणक असते. जानेवारीत पाहणी करणाऱ्यास ती फसवते. चाचणी तिला पावसाळ्यातील अवस्थेत नेऊन मग प्रश्न विचारते. गाडी कोठे रुतते हे सांगणारा गाडीवानही नेमकी तीच अवस्था सांगत असतो. म्हणून नमुन्यांचे खड्डे कोठे घ्यावयाचे हे ठरविताना त्याचे ऐकावे. किलोमीटरमागे निदान तीन ठिकाणी नमुने काढावेत आणि माती बदललेली दिसेल तेथे आणखी एक काढावा.

उपाय अनेक आहेत. रस्त्याची पातळी आसपासच्या शेतांपेक्षा उंच ठेवणे. काळ्या मातीवर चांगल्या मुरमाचा थर देणे. दोन्ही बाजूंस गटारे काढून पाणी मुळापासून दूर नेणे. किंवा मातीत शेकडा ३ ते ५ ह्या सुमारास चुना मिसळून तिची फुगण्याची प्रवृत्ती कमी करणे. ह्यांपैकी कोणताही उपाय अंदाजपत्रकात आधी धरलेला असला तरच तो सुखाने होतो. काम चालू असताना तो सुचला तर पैशांसाठी नवी मंजुरी, आणि मंजुरीसाठी नवा विलंब, असे चक्र सुरू होते.

पाण्याची वाट

रस्त्याचा भराव म्हणजे शेतांतून आडवा घातलेला एक लहानसा बांधच होय. त्यातून पाणी जाण्यास पुरेशी वाट ठेवली नाही, तर पाणी ती स्वतः करते.

वरील उदाहरणातील ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १२० हेक्टर आहे आणि जोराच्या पावसात तेथे तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडतो, असे समजू. १२० हेक्टर म्हणजे १२ लाख चौरस मीटर. त्यावर ६० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ७२,००० घनमीटर पाणी झाले. त्यातील निम्मे जमिनीत मुरले वा अडून राहिले असे धरले, तर एका तासात ३६,००० घनमीटर, म्हणजेच सेकंदास १० घनमीटर पाणी ओढ्यात येईल. मोरीतून ते सेकंदास २ मीटर वेगाने वाहत असेल, तर मोरीचा गाळा निदान ५ चौरस मीटरांचा हवा. पैसे वाचविण्यासाठी तेथे ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन नळ टाकले, तर त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौरस मीटर भरते. म्हणजे गरजेच्या केवळ चौथा हिस्सा. उरलेले पाणी वरच्या अंगाच्या शेतांत साचेल, पिके कुजवील, आणि शेवटी भरावावरून उडी घेऊन रस्ता तोडील.

हा हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्ष कामात तो अधिक बारकाईने करतात. परंतु गावकऱ्यांसमोर तो मांडता येतो, हे त्याचे महत्त्व आहे. मोरीच्या बाबतीत वरच्या आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे हित नेहमी एक नसते. वरच्याला मोठा गाळा हवा असतो. खालच्याला आपल्या शेतात लोंढा येईल अशी धास्ती असते. सहकार्य म्हणजे सर्वांचे एकमत नव्हे. मतभेद उघडपणे मांडणे, त्याला मोजमापाचा आधार देणे, आणि खालच्या शेतकऱ्यासाठी दगडी फरसबंदी व नाल्याची सरळ वाट अशी सोय त्याच अंदाजपत्रकात करणे, ह्याला सहकार्य म्हणतात.

पुराच्या शक्यतेविषयी एक गैरसमज फार प्रचलित आहे. ‘पंचवीस वर्षांचा पूर’ म्हणजे पंचवीस वर्षांनी एकदाच येणारा पूर असे लोक समजतात. त्याचा खरा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तेवढा वा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता २५ मध्ये १, म्हणजे शेकडा ४ आहे. ग्रामसडक योजनेत रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षे त्याची निगा राखण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते. दहा वर्षांच्या पुरासाठी बांधलेली मोरी ह्या पाच वर्षांत अपुरी पडण्याची शक्यता शेकडा ४१ येते. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी बांधली तर ती शेकडा १८ आणि पन्नास वर्षांच्या पुरासाठी बांधली तर शेकडा १० च्या आत येते. जोखीम शून्यावर कधीच येत नाही. किती जोखीम पत्करावयाची हे ठरवावे लागते. तो निर्णय ज्यांच्या शेतांत पाणी शिरणार आहे त्यांना अंधारात ठेवून घेऊ नये.

जमीन आणि संमती

दहा मीटर रुंदीची पट्टी एक किलोमीटर लांब गेली म्हणजे बरोबर एक हेक्टर जमीन लागते. रस्ता सरकारी कागदांत लांबीने मोजला जातो. शेतकरी तो गुंठ्यांत मोजतो. समजा, रुंदीकरणात दोन शेतकऱ्यांची प्रत्येकी ५ गुंठे जमीन जाते. एकाची १० एकर, म्हणजे ४०० गुंठे आहे. त्याचा ऐंशीवा भाग गेला. दुसऱ्याची अवघी एक एकर, म्हणजे ४० गुंठे आहे; त्याचा आठवा भाग गेला. रस्ता दोघांच्याही दारावरून जातो, पण त्यासाठी दोघांनी दिलेली किंमत सारखी नाही. नकाशावरील रेषा पाच मीटर इकडे किंवा तिकडे सरकविणे ही अभियंत्याच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट असते. एका घराच्या दृष्टीने ती वर्षाच्या धान्याची गोष्ट असू शकते.

ग्रामसडक योजनेत जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्यावर आहे, आणि योजनेच्या निधीतून भूसंपादनाचा खर्च दिला जात नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी जमीन स्वेच्छेने मिळण्यावर काम अवलंबून राहते. ही पद्धत तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा ‘नाही’ म्हणण्याची मुभा खरी असते. भरसभेत सरपंचांनी नाव पुकारल्यावर वर झालेला हात म्हणजे संमती नव्हे. ज्याच्याकडे थोडी जमीन आहे त्याच्या घरी जाऊन स्वतंत्रपणे विचारणे, रेषा हलविता येते काय हे प्रथम पाहणे, जाणारी जमीन मोजून दाखविणे, आणि संमती लेखी घेऊन तिची प्रत त्याला देणे, एवढे तरी झाले पाहिजे. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही अशी माणसेही असतात. कूळ, वाट्याने कसणारा, रस्त्याच्या कडेला झोपडी वा टपरी असलेला, पतीच्या नावावरील शेत कसणारी स्त्री : नुकसान त्यांचेही होते. कागद पाहून केलेल्या चौकशीत ती दिसत नाहीत. चालत जाऊन केलेल्या चौकशीत दिसतात.

मोठ्या रस्त्यांसाठी कायद्याने ह्या गोष्टी काही प्रमाणात बंधनकारक केल्या आहेत. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला व तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यातील भरपाईच्या तरतुदी पुढे राष्ट्रीय महामार्गांसाठी होणाऱ्या संपादनासही लागू झाल्या. राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार संपादनाचा मनोदय जाहीर झाल्यावर हरकत घेण्यास २१ दिवसांची मुदत मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर गावाच्या रस्त्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळविताना ग्रामसभेची शिफारस आवश्यक ठरविली आहे.

महाराष्ट्रातील समृद्धी महामार्गाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. मुंबई व नागपूर ह्यांना जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या ह्या मार्गासाठी प्रथम जमीन एकत्रीकरणाची योजना मांडण्यात आली होती : शेतकऱ्याने जमीन द्यावी आणि मोबदल्यात विकसित भूखंडाचा हिस्सा घ्यावा. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. नंतर वाटाघाटीने थेट खरेदीचा मार्ग उपलब्ध करण्यात आला आणि जमीन मुख्यतः त्या मार्गाने मिळाली. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. एक योजना लोकांना पटली नाही म्हणजे रस्ताच नको असतो असे नाही. पुष्कळदा देण्याघेण्याची रीत बदलावी लागते.

डोंगरातील कामे

सपाटीवर चूक झाली तर रस्ता खचतो. डोंगरात चूक झाली तर माणसे दगावतात. हिमालयाचा डोंगर अद्यापि उंचावत असलेला, भेगाळलेला व ठिसूळ आहे. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, आणि कापलेली माती दरीत लोटली की खालच्या ओढ्याची वाट बुजते. म्हणून रस्त्याची रुंदी किती असावी हा तेथे सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

खडकाच्या पोटातील अनिश्चिततेची जाणीव साऱ्या देशाला झाली ती उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील निर्माणाधीन बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. सतरा दिवसांनी, २८ नोव्हेंबर रोजी, ते सर्व सुखरूप बाहेर आले. त्यांच्यात अनेक राज्यांतील मजूर होते. रस्त्याच्या पूर्वतयारीत ज्यांना जवळजवळ कोणीच विचारीत नाही, असा वर्ग तो हाच. कोठे काय कोसळू शकेल, कोसळल्यास बाहेर येण्याची वाट कोणती, आणि दगड सुटू लागल्याचे पाहिल्यावर काम थांबविण्याचा अधिकार कोणाला, ह्या प्रश्नांची उत्तरे काम सुरू होण्यापूर्वी मजुरांनाही ठाऊक असली पाहिजेत.

जोखमीची नोंद व वाटणी

चौकशीतून कळलेल्या गोष्टी स्मरणावर सोडू नयेत. त्यांची एक नोंदवही करावी. वरच्या कल्पित रस्त्याची नोंदवही पुढीलप्रमाणे होईल :

१. पाणंदीवरील अतिक्रमण. कोणी सोडवावे : महसूल खाते व पंचायत. केव्हा : निविदा निघण्यापूर्वी मोजणी करून हद्दीचे दगड रोवणे.

२. ओढ्यावरील अपुरी मोरी. कोणी सोडवावे : अभियंता. केव्हा : पूररेषेची पडताळणी करून अंदाजपत्रकात गाळा वाढविणे.

३. काळ्या मातीचा पट्टा. कोणी सोडवावे : अभियंता व प्रयोगशाळा. केव्हा : भिजवून केलेली चाचणी झाल्यावर थरांची जाडी ठरविणे.

४. सहा विजेचे खांब व पाण्याचा एक नळ. कोणी सोडवावे : संबंधित खाती. केव्हा : संयुक्त पाहणी करून भराव सुरू होण्यापूर्वी हलविणे.

५. एक एकराच्या शेतकऱ्याची जमीन. कोणी सोडवावे : अभियंता, पंचायत व ते कुटुंब. केव्हा : रेषा अंतिम होण्यापूर्वी.

प्रत्येक नोंदीपुढे माणूस आणि मुदत असल्याखेरीज ती नोंद म्हणजे केवळ चिंता ठरते. हंगामाचा हिशोबही येथेच करावा. दख्खनमध्ये मातीकाम साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात महिने करता येते. त्यातील तीन महिने खांब आणि हद्दी ह्यांच्या वादात गेले, तर उरलेल्या साडेचार महिन्यांत घाईने केलेला कच्चा भराव मृगाच्या पावसाला उघडाच सापडतो.

उरलेली जोखीम कोणी सोसावी? ह्या बाबतीत मान्य झालेले तत्त्व असे की, जो तिच्यावर सर्वांत चांगले नियंत्रण ठेवू शकेल त्याने ती सोसावी. कामाचा दर्जा ठेकेदाराच्या हातात असतो. म्हणून पाच वर्षांच्या निगेची जबाबदारी त्याच्यावर टाकणे योग्य. जमिनीचा ताबा शासनाच्या हातात असतो. म्हणून त्यातील विलंब ठेकेदारावर लादणे अयोग्य. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारांत ८० ते ९० टक्के जमीन हाती येण्याची अट काम सुरू करण्याशी जोडली गेली, ती ह्याच अनुभवातून. सर्वच जोखीम एका कलमाने ठेकेदारावर ढकलली तर ती नाहीशी होत नाही. ती चढ्या दराच्या रूपाने परत येते, नाही तर थरांची जाडी चोरण्याच्या रूपाने.

सारांश

रस्त्याची पूर्वतयारी म्हणजे भूमी, पाणी, जमीन आणि हंगाम ह्या चारींची एकत्र चौकशी. प्रयोगशाळा आणि गणित ह्यांच्यावाचून ती होत नाही. आणि त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांवाचूनही होत नाही. गाडीवान कोठे खड्डा घ्यावा हे सांगतो. चाचणी त्या मातीचे बळ सांगते. गाव पुराची रेषा दाखविते. गणित गाळ्याचे माप देते. जिथे दोन्ही जुळतात तेथे काम निर्धोक होते. जिथे जुळत नाहीत तेथे आणखी चौकशीची गरज आहे असे समजावे. आणि रेषा अंतिम करण्यापूर्वी, ज्याच्याकडे गमावण्यास सर्वांत थोडे आहे त्याच्या बांधावर एकदा उभे राहावे. तेथून रस्ता कसा दिसतो, हे समजल्यावाचून पूर्वतयारी पुरी झाली असे म्हणता येत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. काळ्या मातीचा नमुना चाचणीपूर्वी चार दिवस भिजवून ठेवण्याचे कारण काय?

२. एका नाल्याचे पाणलोट क्षेत्र ६० हेक्टर असून तासाला ४० मिलिमीटर पाऊस पडतो. निम्मे पाणी वाहून आले आणि मोरीतील वेग सेकंदास २ मीटर असला, तर गाळा किती चौरस मीटरांचा हवा?

३. आपल्या गावातील एखाद्या रस्त्यावरून चालत जा. पावसाळ्यात पाणी कोठे साचते, ते तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा आणि त्यांची उत्तरे जमिनीवरील खुणांशी ताडून पाहा.

४. त्याच रस्त्यासाठी पाच नोंदींची जोखमीची वही तयार करा. प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहा.